पुढच्यासाठी सोडलेली दोरी

चहा घ्या आधी. पाव गरम आहे तोवर त्यावर अवोकाडो लावून खा, नाहीतर गार झाल्यावर माझ्या नावाने बोटं मोडाल. दिवा असाच राहू दे. मला अंधाराची भीती नाही, पण ऐकता ऐकता तुम्ही दाराकडे बघत बसाल, आणि मला बोलताना समोरच्याचं तोंड दिसावं लागतं.

मी एर्सिरा. इथे आन्तोफागास्तात इमारतींमधून तारा ओढायचं काम करते. या मजल्यावरचे कॉम्प्युटर त्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरांशी ज्या तांब्याच्या केबलमधून बोलतात ना, ती भिंतीतल्या उभ्या डक्टमधून खालून वर न्यायची. हल्ली जो तो काचेच्या तारेचं, त्या फायबरचं, कौतुक करतो. करू दे. माझा बाप तांब्याच्या खाणीत होता, सासरा खाणीत होता, मी तांबंच ओढणार. आणि त्या शनिवारी माझ्या हातात काचेची तार असती, तर माझा नवरा मला आजही सापडला नसता.

काम साधंच होतं. बंदराजवळ 'आल्बात्रोस' म्हणून सात मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत एक केबल न्यायची, शनिवारी दुपारी, कचेऱ्या रिकाम्या झाल्यावर. तिथली नवीन व्यवस्थापक पोरगी फोनवर म्हणाली, "एर्सिराबाई, आधीचे सगळे कारागीर काम अर्धवट टाकून पळाले हो. शेवटी बाहेरच्या भिंतीवरून वायरी लोंबकळत न्याव्या लागल्या. तुम्ही तरी पुरं कराल ना?"

म्हटलं, "पोरी, मी जेवणसुद्धा अर्धं टाकत नाही."

तिला बिचारीला काय माहीत, की त्याच इमारतीच्या दारातून मला बारा वर्षं हाकलून देत होते.

सेगुंदो, माझा नवरा, ती इमारत बांधली जात असताना तिथेच तारा ओढत होता. आमच्याकडे रीत आहे: छप्पर चढलं की मालकाने सगळ्या कामगारांना जेवण घालायचं. निखाऱ्यावरचं मांस, वाईन, गाणी. तिहेरालेस म्हणतात त्याला. मालक कितीही चिक्कू असो, हे जेवण चुकवत नाही. चुकवलंच, तर कामगार छपरावर झेंड्याच्या जागी एक बाहुला टांगतात, म्हणजे अख्ख्या गावाला कळतं की इथल्या मालकाची मूठ सुटत नाही. आल्बात्रोसच्या मालकाने, डॉन रेनाल्दो उर्रेहोलाने, जेवण चुकवलं. सेगुंदोने आपल्याच जुन्या कामाच्या कपड्यांत वर्तमानपत्रं कोंबली, गळ्यात टाय बांधला आणि बाहुला वर चढवला. दिवसभर बंदरातली माणसं बोट दाखवून हसत होती. मी घरी होते, पोरीला ताप होता. संध्याकाळी बाहुला गायब, आणि सेगुंदोही.

डॉन रेनाल्दोने पोलिसांना काय सांगितलं? "मी त्याला कलामाच्या बसमध्ये चढताना पाहिलं. बरोबर एक बाई होती." झालं! गावाला तेवढंच हवं होतं. माझ्या पोरीला शाळेत 'पळपुट्याची' म्हणून हाका मारायचे. मी पोरांच्या आयांच्या दारात जाऊन भांडले, पण तोंडं किती धरणार?

सेगुंदो पळणारा नव्हता; तो जिवंत नाही हे मला ठाऊक होतं. आणि एक गोष्ट मला रोज टोचायची. माणूस अचानक मरतो तेव्हा, तो जिथे मेला त्याच जागी आम्ही एक छोटंसं घर ठेवतो. आत मेणबत्ती लावतो. आनिमिता म्हणतात त्याला. कबर देहाची असते, आनिमिता जिवाची. जीव जिथे सुटला तिथेच ती हवी, दुसरीकडे ठेवून उपयोग नाही. माझ्याकडे पत्र्याचं घर तयार होतं, माझ्या हाताने कापलेलं, निळा रंग दिलेलं. ते या स्वयंपाकघराच्या फळीवर धूळ खात पडलं होतं. मला पैसा नको होता, माफी नको होती. मला ती जागा हवी होती.

तर त्या शनिवारी मी आणि एलिसेओ गेलो. एलिसेओ म्हणजे माझा धाकटा दीर. पन्नाशीचा आहे, पण भित्रा असा की स्वतःच्या शिंकेने दचकतो.

"वहिनी, अजून विचार करा," दारातच म्हणाला. "या इमारतीचं नाव काढलं तरी माझ्या पोटात गोळा येतो."

"मग पोट घेऊन वर जा भावोजी, आणि दोरी ओढ. विचार मी बारा वर्षं केलाय."

तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिन्याने वर गेला. मी पहिल्या मजल्यावर डक्टचं दार उघडलं. आतून वास आला, ओल्या सिमेंटचा, आत्ताच कालवलेल्या मालाचा. आमच्या गावात वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. इमारत जुनी झालेली. तरी वास ओला होता.

आणि आत एक दोरी लोंबत होती.

आमच्या धंद्याचा नियम आहे: तार ओढून झाली की डक्टमध्ये एक रिकामी दोरी सोडून जायची, पुढच्यासाठी. उद्या कुणाला आणखी एक केबल न्यायची झाली, तर त्याने ती दोरीला बांधावी आणि वरच्याने ओढावी. मी दोरीचं टोक हातात घेतलं. दोन वेढे आणि शेपूट आत. ही गाठ ताल्तालचे कोळी मारतात. सेगुंदो ताल्तालचा होता. मी ती गाठ ओठांना लावली, खोटं कशाला बोलू? मग तिच्यावरच केबलचं टोक घट्ट बांधलं आणि वाट बघत उभी राहिले.

ओढणारा वर, सोडणारा खाली, एकमेकांचा आवाज पोचत नाही. म्हणून दोरीनेच बोलायचं. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे मी ओढतोय, तू सोडत राहा. तीन म्हणजे सैल दे. ही सगळ्यांची भाषा. सेगुंदोची एक जास्तीची खूण होती. काम संपत आलं की चार हलके झटके द्यायचा. म्हणजे 'चहा टाक'. लग्नाआधीपासून मी त्याच्या दोरीच्या खालच्या टोकाला उभी राहत आले. ते झटके मी झोपेतही ओळखले असते.

दोन झटके आले.

'पोचला वाटतं लवकर,' मी मनात म्हटलं आणि केबल सोडायला लागले. सुरेख ओढत होता. ना घाई, ना अडखळणं. एलिसेओ एरवी गाढव ओढल्यासारखा ओढतो, आज काय झालं याला? खोक्यातून केबलची वेटोळी सुळसुळ निघत होती. मी गुणगुणतसुद्धा होते. मग हाताखालची तार थांबली, आणि हलके हलके चार झटके आले.

चहा टाक.

"वहिनी..." मागून आवाज आला.

मी वळले. एलिसेओ जिन्याच्या पायरीवर उभा होता. हातात किल्ल्या.

"सातव्याचं दार उघडत नाही. या जुडग्यातली एकही किल्ली लागत नाही. सगळ्या लावून पाहिल्या..."

"तू आत गेला नाहीस?"

"दारच उघडलं नाही तर आत कसा जाणार?"

"मग ओढतंय कोण?"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. तार परत चालायला लागली होती. खोकं जमिनीवर हळूहळू फिरत होतं, आणि केबल माझ्या बोटांमधून वर जात होती. सातव्या मजल्यापर्यंत लागेल त्याच्या कितीतरी जास्त तार आत गेली होती.

एलिसेओची पाचावर धारण बसली. छातीवर क्रूस काढत पुटपुटला, "कापा... वहिनी, कापा ती... आणि चला इथून..."

"पक्कड उचललीस तर तुझीच बोटं कापीन."

"हे माणसाचं काम नाही हो..."

"माणसाचंच आहे. माझ्या माणसाचं. बारा वर्षं त्याने हाक मारली नाही, आणि आज मारतोय तर मी पळू?"

मी तार घट्ट धरली आणि तीन झटके दिले. सैल दे. वरून तार लगेच सैल पडली. एलिसेओने कानावर हात ठेवले. मग पुन्हा तेच चार, हलके, अगदी लाडात आल्यासारखे.

मला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. डक्टमध्ये तोंड घालून मी ओरडले, "बारा वर्षं तोंड दाखवलं नाहीस, आणि आल्या आल्या चहा मागतोस होय रे? कुठे आहेस ते सांग आधी!"

 मग मला आठवलं, माझ्या पिशवीत उत्तर होतं.

तार भिंतीत कुठून कुठे जाते ते शोधायला आमच्याकडे दोन वस्तू असतात. एक डबी, ती तारेच्या टोकाला चिमट्याने लावायची. ती तांब्यात एक चिवचिव सोडते. दुसरी दांडी, ती भिंतीवरून फिरवायची. भिंतीआड तार असली की दांडी चिवचिवते. तार काचेची असती तर मुकी राहिली असती. तांब्याला वाचा आहे. मी डबी लावली आणि दांडी घेऊन जिना चढायला लागले. एलिसेओ माझ्या झग्याला धरून मागे.

दुसऱ्या मजल्यावर डक्टच्या दाराशी चिवचिव. तिसऱ्यावर चिवचिव. चौथ्यावर तर खणखणीत. पाचव्यावर डक्टचं दार उघडलं, दांडी आत घातली... काही नाही. चिडीचूप.

"संपलं," एलिसेओ कुजबुजला. "चला आता."

मी दांडी कॉरिडॉरच्या भिंतीवरून सरकवत गेले. बारीक चिव. आणखी पुढे, आणखी मोठी. कोपऱ्यात एक गुळगुळीत भिंत होती, तिच्यावर जहाजाचं चित्र टांगलेलं. इमारतीच्या नकाशात तिथे भरीव खांब दाखवला होता. दांडी तिथे नेली, तशी ती पक्ष्यांचं घरटं हाती लागल्यासारखी किलबिलली. आणि मग थांबली. एलिसेओने माझं मनगट पकडलं.

चिव. चिव. चिव. चिव.

थांबली. पुन्हा चार.

"ही डबी असं करत नाही... ना, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. ओल्या सिमेंटचा वास तिथे इतका दाट होता की घशात उतरत होता.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि डॉन रेनाल्दो बाहेर आला. सातव्या मजल्यावर तो एकटा राहतो. अंगात रेशमी झगा, हातात काठी. म्हातारा झाला होता, पण आवाजातली मिजास तशीच.

"काय चाललंय? माझ्या पलंगामागच्या भिंतीत मघापासून काहीतरी घासतंय. कोण तुम्ही?"

"तुमचीच केबल ओढतेय, डॉन रेनाल्दो."

"इथून केबल जात नाही. तो खांब आहे. भरीव."

"भरीव खांब चिवचिवत नाही हो."

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "तू... त्या पळपुट्याची बायको."

"बायको बरोबर. पळपुट्याची नाही."

"ताबडतोब खाली उतर! पोलिसांना बोलावीन मी."

"बोलवा ना! मी बोलावते तेव्हा येत नाहीत, तुमच्यासाठी तरी धावत येतील. मेलेलं कोंबडं आगीला भीत नसतं, डॉन रेनाल्दो. मला घालवायला आता तुमच्याकडे काय उरलंय?" मी पिशवीतला हातोडा काढला. "दोरीला आतून झटके आले. तो बोलावतोय, म्हणून आले."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. काठी भिंतीला टेकवून उभा राहिला. अगदी हळू म्हणाला, "चार?..."

मी हातोडा खाली घेतला. "काय म्हणालात?"

"चार झटके... परत परत..."

"किती झटके ते मी बोललेच नव्हते."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तो भिंतीकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडून आपोआप निघत गेलं. तिथे त्याच्या एकट्यासाठी पाचव्यापासून सातव्यापर्यंत लिफ्ट व्हायची होती, तिचा रिकामा खड्डा होता. बाहुल्यावरून वरती भांडण झालं, आणि सेगुंदो आत पडला. "मी ढकललं नाही... म्हणजे... दोरी त्याच्या हातात होती. वरचं टोक माझ्यासमोर हलत होतं. मला वाटलं, थांबेल... सकाळीही हलत होतं. गवंडी येईपर्यंत..."

एलिसेओ मटकन खाली बसला.

मी काय ऐकलं ते तुम्हाला कळलं ना? तो जिवंत होता. रात्रभर तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी आहे असं समजून झटके देत होता, आणि हा माणूस समोर उभा राहून बघत होता, आणि त्याने विटा मागवल्या. मला त्या क्षणी कसलंच भय वाटलं नाही. भुताचं तर मुळीच नाही. मी जहाजाचं चित्र ओरबाडून फेकलं आणि पहिला घाव घातला.

"वहिनी!"

"उठ भावोजी! तुझा भाऊ आत आहे. छिन्नी घे."

आणि तो उठला. रडत होता, पण उठला, आणि छिन्नी घेतली. म्हातारा ओरडत होता, पोलिसांना फोन करत होता. करू दे. ते आले तोवर भोक माणूस शिरेल एवढं झालं होतं.

आत सेगुंदो भिंतीला पाठ लावून बसला होता. हाडं, बूट, हेल्मेट. शेजारी टाय घातलेला बाहुला. त्याच्यामागे तोही आत फेकलेला. आणि मांडीवर माझी केबल. माझ्या खोक्यातली, नवी कोरी, अख्खी. गुंता नव्हता. आठच्या आकारात एकावर एक घड्या घातलेली, मुरड पडू नये म्हणून चांगला कारागीर घालतो तशी. पोलिसांचा साहेब दोनदा विचारून गेला, ही आत कुणी ठेवली? भिंत तर आत्ता फुटली. मी म्हटलं, "साहेब, ज्याने ओढली त्याने."

खटला झाला. न्यायाधीशाने काय केलं? म्हातारा आहे, हृदय कमजोर आहे, म्हणून तुरुंग नको. घरातच कैद. सातव्या मजल्यावर, जिथून समुद्र दिसतो! मी कोर्टात जे बोलले त्यासाठी मला बाहेर काढलं. मग मी घरी आले, फळीवरचं निळं घर पुसलं, आणि ते पाचव्या मजल्यावरच्या त्या खड्ड्यात नेऊन ठेवलं. मेणबत्ती लावली. इतक्या वर्षांनी माझ्या सेगुंदोला जागा मिळाली. मालकाच्या वकिलाची नोटीस आली, ते हलवा म्हणून. त्यानंतरच्या शनिवारी गावातले सगळे गवंडी, सुतार, तारवाले मांस आणि वाईन घेऊन आले आणि तेव्हा राहून गेलेलं तिहेरालेसचं जेवण आम्ही त्याच कॉरिडॉरमध्ये जेवलो. धूर खड्ड्यातून सरळ सातव्यावर जात होता. टाय घातलेला बाहुला पोलिसांकडे आहे, म्हणून आम्ही नवा केला आणि छपरावर टांगला. आता ती भिंत बांधायला गावातला एकही गवंडी हात लावत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण जेवणं उरकल्यावर मी मेणबत्ती बदलायला वाकले, आणि वर बघितलं. पोलिसांनी तो खड्डा झाडून पुसून रिकामा केला होता. आता तिथे एक दोरी लोंबत होती. पांढरी, नवी, धुळीचा कण नाही. वर, वर, सातव्यापर्यंत जाऊन म्हाताऱ्याच्या पलंगामागच्या भिंतीच्या फटीत शिरलेली. खालच्या टोकाला गाठ. दोन वेढे आणि शेपूट आत.

"पोलिसांची राहिली असेल..." एलिसेओ म्हणाला.

"पोलिसांना ही गाठ येते?"

तो एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "काढू?"

"राहू दे. दोरी पुढच्यासाठी असते."

तेव्हा तिचं टोक माझ्या डोक्याच्या वर होतं. आता ते जमिनीला टेकलंय, आणि टेकलेली दोरी आठच्या आकारात घडी घातलेली असते. म्हाताऱ्याची नर्स मला जिन्यात भेटते. सांगते, त्याचा पलंग रोज सकाळी भिंतीकडे थोडा सरकलेला असतो. तिने चाकांना विटा लावल्या, तरी सरकतो. म्हाताऱ्याने कोर्टात अर्ज केलाय, मला तुरुंगात न्या म्हणून. न्यायाधीश म्हणतो, या वयात तुरुंगाचे हाल नकोत.

मी ओढत नाही हो. देवाशप्पथ, मी त्या दोरीला बोटही लावलेलं नाही. मी फक्त मेणबत्ती लावते, चहाचे दोन कप ठेवते, आणि एक पिऊन परत येते.

परवा निघताना दोरीला दोन झटके आले. दोन म्हणजे काय, ते मघाशी सांगितलंय मी तुम्हाला.